हाडाविना पांढरा रस्सा

आबांनी पंढरपुरात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून त्यांचं मटण सुटलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरात ही लहान गोष्ट नाही. आमच्याकडे बुधवार आणि रविवार हे वारच मुळी मटणाचे. आबांनी घरातल्या बाकी कुणाला ‘खाऊ नका’ म्हटलं नाही, ‘चूल वेगळी मांडा’ असंही म्हटलं नाही. रविवारी मटण शिजायला लागलं की ते पेपर घेऊन सोप्यात जाऊन बसायचे, एवढंच. एका पावसाळ्यात आठ दिवस सर्दीनं बेजार झाल्यावर ते मला म्हणाले, “मटणाचं काय न्हाई रं. ती पांढऱ्या रश्शाची वाटी तेवढी आठवती.”

ती वाटी म्हणजे काय, हे कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मटणाच्या ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से येतात. तांबडा भाकरीशी, भाताशी खायचा. पांढरा आधी वाटीला तोंड लावून भुरकायचा. आलं, लसूण, मीठ लावून मटण पाण्यात शिजवलं की जे पाणी तयार होतं त्याला आम्ही ‘अळणी’ म्हणतो. शब्दाचा अर्थ बिनमिठाचं असा असला तरी या पाण्यात मीठ असतं. नसतं ते तिखट आणि मसाला. अळणीत नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजूचं वाटण आणि खड्या मसाल्याची फोडणी पडली की पांढरा रस्सा झाला. तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला, थंडीत शेतावरून आलेल्या माणसाला हीच वाटी हातात द्यायची. लहान मुलाच्या जिभेला मटणाची ओळख होते तीही बहुतेक अळणीच्या चमच्यानंच.

आबांसाठी मी पहिल्यांदा रस्सा केला तेव्हा हिशेब सोपा वाटला होता: मटण काढायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं. साधं पाणी घेतलं, वाटण घातलं, नारळाचं दूध घातलं, फोडणी दिली. रंग हुबेहूब आला. वासही बरा होता. आबांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “खिरीगत लागतंय. पाण्यातच काय न्हाई.”

चव बरोबर ओळखणाऱ्या माणसाचं ते वाक्य होतं. पुढं एका हॉटेलात ‘व्हेज पांढरा रस्सा’ मागवला तेव्हाही हाच अनुभव आला. काजूची दाट पेस्ट, वर साय, आणि चव थेट गोडसर. नारळाचं दूध आणि काजू मुळातच गोडसर असतात. मटणाच्या रश्शात त्यांचा गोडवा जाणवत नाही, कारण खालून अळणी त्याला धरून ठेवते. अळणी काढली की गोडवा मोकळा सुटतो. मग लोक तो झाकायला मिरची वाढवतात, गरम मसाला वाढवतात, आणि हाती येतो तो तिखट शाही कुर्मा.

म्हणजे प्रश्न मटणाच्या फोडींचा नव्हताच. पांढऱ्या रश्शात फोड शोधत कुणी बसत नाही. त्यामुळं पनीर घाला, सोयाबीनच्या वड्या घाला, कच्च्या फणसाच्या फोडी घाला, रश्शाला त्याचा उपयोग नाही. हाडानं आणि मासानं पाण्यात काय सोडलं, ते आधी समजून घ्यायला हवं. ते समजलं की एकेका गोष्टीची सोय शाकाहारी सामानातून करता येते.

अळणीत नेमकं काय उतरतं

हाडांच्या टोकाशी, सांध्याशी, शिरांमध्ये आणि कातडीत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. कच्चं असताना ते दोरखंडासारखं पीळ घातलेलं आणि चिवट असतं. पाण्यात बराच वेळ गरम राहिलं की हा पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होऊन पाण्यात विरघळतं. उघड्या पातेल्यात याला तास-दोन तास सहज लागतात. कुकरमध्ये पाणी १०० च्या पुढं, जवळपास १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून तेच काम लवकर उरकतं. चांगली अळणी रात्री फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळी ती थलथलीत गोठलेली दिसते, ती या जिलेटिनमुळं.

तोंडात त्याचा परिणाम काय होतो, हे पांढरा रस्सा प्यालेल्या कुणालाही माहीत आहे. दोन घोट झाले की ओठाला ओठ चिकटतो. रस्सा पातळच असतो, पण पाण्यासारखा सरळ घशाखाली पळत नाही. जिभेवर जरा रेंगाळतो, आणि तो रेंगाळला की मसाल्याची चवही रेंगाळते. आबांच्या ‘पाण्यातच काय न्हाई’चा अर्धा अर्थ हा होता.

उरलेला अर्धा अर्थ चवीचा. आपल्याकडं सहा रस मानतात: गोड, आंबट, खारट, कडू, तिखट, तुरट. अळणीची मुख्य चव यांपैकी कशातच बसत नाही. आपण तिला ‘मुरलेली चव’ म्हणतो, ‘रस्सा अंगी लागतो’ असंही म्हणतो, पण तिला वेगळं नाव आपण दिलं नाही. ते दिलं जपानच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं. कोंबू नावाच्या समुद्रशैवालाच्या पाण्याला अशी चव कशानं येते, याचा शोध घेताना १९०८ मध्ये त्यांना ग्लुटामेट सापडलं. त्या चवीला त्यांनी ‘उमामी’ म्हटलं. पुढं १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या माशात इनोसिनेट हा दुसरा पदार्थ शोधला. मटणात, कोंबडीत, माशात हे इनोसिनेट भरपूर असतं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताके या अळंबीतलं ग्वानिलेट ओळखलं.

शाकाहारी स्वयंपाकाला खरी मदत झाली ती याच संशोधनातल्या पुढच्या गोष्टीची. ग्लुटामेट एकटं असलं तर चव बेताची लागते. इनोसिनेट किंवा ग्वानिलेट एकटं असलं तर त्याहून फिकी. पण ग्लुटामेटच्या जोडीला या दोघांपैकी एक आलं की चव नुसती दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी चढते. कोल्हापूरच्या माणसाला हे हलगी-घुमक्यावरून लगेच कळेल. हलगी एकटी कडाडते, घुमकं एकटं घुमतं. दोन्ही एकत्र वाजली की कुस्तीच्या मैदानात उभ्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

मटणाच्या अळणीत ही जोडी आपोआप जुळते. मटणातून इनोसिनेट येतं. कांदा, लसूण आणि मटण यांतून ग्लुटामेट येतं. भाज्यांत ग्लुटामेट पुष्कळ सापडतं, पण इनोसिनेट जवळजवळ नाहीच. म्हणून नुसत्या भाज्यांचं पाणी कितीही उकळलं तरी ‘काहीतरी राहिलंय’ असं वाटत राहतं. तिथं घुमकं गैरहजर असतं.

याशिवाय मटणाची चरबी असते. ती रश्शावर तवंग धरते, खड्या मसाल्याचा वास स्वतःत धरून ठेवते आणि टाळूला पातळसा लेप देते. आणि शेवटी मटणाचा स्वतःचा असा वास. हा वास आणण्याचा प्रयत्न मी केला नाही आणि कुणी करू नये असं माझं मत आहे. माळ घातलेल्या माणसाला मटणाची आठवण देणारा वास नको असतो, त्याला रश्शाची ऊब हवी असते. बकऱ्याचा वास काढून टाकूनही पांढरा रस्सा पांढरा रस्साच राहतो. अळणी काढून टाकली तर मात्र राहत नाही.

चिकटपणाचं उत्तर घुट्यात होतं

चिकटपणासाठी मी आधी कॉर्नफ्लोअर लावून पाहिलं. रस्सा दाट झाला, पण तो दाटपणा चायनीज सूपचा. पिठानं पाणी जाड होतं. जिलेटिननं ते पातळ राहूनच ओठाला धरतं. हा फरक जिभेला चटकन कळतो.

मग चायना ग्रास आणलं, म्हणजे अगार. ते शैवालापासून बनतं, त्यामुळं आबांना चालणारं. पण अगारची तऱ्हा जिलेटिनच्या उलटी आहे. जिलेटिन साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं तोंड त्याहून थोडं गरम, म्हणून ते तोंडात सुखानं विरघळतं. अगार वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि निवताना ते चाळिशीच्या खालीवर एकदम गोठतं. उकळता रस्सा पाण्यासारखाच राहिला, आणि वाटी कोमट झाल्यावर त्यात गुठळ्या झाल्या. आबा काही बोलले नाहीत, पण वाटी संपली नाही.

उत्तर मिळालं ते आईनं उडदाचं घुटं केलं त्या दिवशी. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घुटं ठाऊक नसलेलं घर विरळा. उडदाची डाळ शिजवून रवीनं घोटायची, वर लसूण-मिरचीची फोडणी, आणि भाकरी कुस्करून ओरपायची. मी वाटी पुसून काढत होतो आणि ओठ चिकटले. उडदात पाण्यात विरघळणारा एक बुळबुळीत पदार्थ असतो. भेंडी चिरताना हाताला लागते त्याच जातीचा, पण उडदाचा वास सौम्य आणि रंग पांढरा. याच चिकटपणावर इडली-डोशाचं पीठ हवा धरून फुगतं. पांढऱ्या रश्शासाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? इतकी वर्षं ते आमच्याच चुलीवर शिजत होतं.

उडीद वापरताना प्रमाण सांभाळायचं. दीड लिटर पाण्याला दोन चमचे सालं काढलेली डाळ पुरते. चार चमचे घातली की रस्सा घुट्याच्या वाटेला लागतो आणि उडदाचा वास पुढं येतो. आणि एक कबूल करून टाकतो: हे पाणी फ्रीजमध्ये गोठत नाही, जरा दाटसर होतं इतकंच. गोठणं हा जिलेटिनचा गुण, तो उडदात नाही. वाटीत गरम असताना मात्र ओठ चिकटतात.

चवीची जोडी जुळवताना

ग्लुटामेटसाठी बहुतेक ठिकाणी एक सोपी वाट सांगतात: कांदा करपवा, टोमॅटो भाजा, भाज्या तेलात लाल करा. भाजल्यानं चव नक्कीच खोल होते. पण आपल्या रश्शाचं नावच पांढरा आहे. भाजलं की रंग गेला. त्यामुळं हा रस्सा शाकाहारी करणं तांबड्याच्या तिप्पट अवघड. तांबड्यात भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा आणि कांदा-लसूण मसाला यांच्या जोरावर शाकाहारी माणसाचं बऱ्यापैकी निभतं. पांढऱ्यात सगळं उकळूनच आणावं लागतं.

पांढरे वाटाणे यात फार कामाला येतात. रात्रभर भिजवून शिजवले की त्यांच्या पाण्याला चवही येते आणि थोडा दुधी रंगही. चणाडाळीचा कट आपण आमटीला वापरतो तो याच कारणानं. डाळीचं सत्त्व पाण्यात उतरलेलं असतं. (मिसळीच्या कटाशी याचा घोळ करू नये. तो कट वेगळा, तर्रीचा.) चणाडाळीनं रस्सा पिवळा होतो, म्हणून इथं वाटाणा. सोबत एक मोठा कांदा, लसूण, आलं, आणि कोबीच्या गड्ड्यामधला जाड पांढरा दांडा, जो आपण एरवी टाकून देतो.

आणि टोमॅटो. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर, त्यातही बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त, पण रंग लाल. यावर एक युक्ती आहे. दोन पिकलेले टोमॅटो हातानं कुस्करायचे, चिमूटभर मीठ लावायचं आणि स्वच्छ मलमलच्या फडक्यात सैल बांधून वाटीवर टांगून ठेवायचे, दही टांगतो तसे. पिळायचं नाही. तासाभरात वाटीत फिकट, जवळपास निवळ पाणी ठिबकतं. लाल गर फडक्यात राहतो. पहिल्यांदा ते पाणी बोटानं चाखून पाहिलं तेव्हा मी आईला हाक मारली. रंग नाही, आणि टोमॅटोची सगळी चव त्यात. हे पाणी पाव वाटीच घ्यायचं, कारण ते आंबट असतं आणि आंबटानं नारळाचं दूध फुटतं.

आता घुमकं. ग्वानिलेटसाठी सुकी शिताके अळंबी सगळ्यात खात्रीची. ताज्यापेक्षा सुकीच घ्यावी. वाळवून भिजवल्यावर आणि तापवल्यावर त्यात ग्वानिलेट तयार होतं. इथं थोडं रसायन समजून घेतलं तर फायदा आहे. अळंबीत दोन प्रकारची एन्झाइम्स काम करतात. एक ग्वानिलेट बनवतं, ते ६० ते ७० अंशांच्या दरम्यान जोरात असतं. दुसरं तयार झालेलं ग्वानिलेट मोडतं, आणि त्याला कोमट पाणी मानवतं. म्हणून घाईत अळंबी कोमट पाण्यात भिजवली तर मोडणाऱ्याचंच फावतं. गार पाण्यात, फ्रीजमध्ये, पाच-सहा तास भिजवावी. मग त्याच पाण्यासकट मध्यम आचेवर ठेवावी, वाफा निघायला लागल्या की आच कमी करावी आणि उकळी फुटू न देता दहा मिनिटं राखावी. जपानमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांसमच्छी वर्ज्य, तिथं कोंबू आणि सुकी शिताके यांच्या पाण्यावरच सूप होतं. ग्लुटामेट-ग्वानिलेट ही नावं सापडण्याच्या कितीतरी आधी त्या भिक्षूंच्या जिभेनं ही जोडी जुळवली होती.

रश्शाला तीन-चार लहान अळंब्या बस्स होतात. पाणी तपकिरी होतं, पण एवढ्या प्रमाणात रश्शाला हस्तिदंती छटा येते, बाकी काही बिघडत नाही. मटणावरचा पांढरा रस्साही काही चुन्यासारखा पांढरा नसतो.

सगळं एकत्र

चार-पाच माणसांपुरतं सांगतो. अर्धी वाटी पांढरे वाटाणे रात्री भिजत घालावेत. दोन चमचे उडदाची डाळ दोन तास भिजवून पातळ फडक्यात सैल पुरचुंडी बांधावी. कुकरमध्ये वाटाणे, पुरचुंडी, चार फोडी केलेला कांदा, सात-आठ लसूणपाकळ्या, इंचभर ठेचलेलं आलं, कोबीचा दांडा, आठ-दहा मिरे, मीठ आणि दीड लिटर पाणी घालावं. सहा शिट्ट्या काढून मग दहा मिनिटं बारीक आच ठेवावी. झाकण आपसूक पडू द्यावं. पुरचुंडी चमच्यानं दाबून तिचा चिकट रस पाण्यात उतरवावा आणि पाणी गाळून घ्यावं. त्यात अळंबीचं पाणी आणि टोमॅटोचं पाणी मिसळून पाच मिनिटं उकळावं. ही आपली अळणी.

इथं थांबून एक घोट चाखावा, हे मी आग्रहानं सांगेन. नारळाचं दूध पडल्यावर चूक दुरुस्त होत नाही. नुसती अळणी मीठ बरोबर असताना प्यावीशी वाटली पाहिजे. पुळचट लागली तर आधी मीठ पाहा. कमी मिठात उमामी झोपून राहते. तरीही फिकी वाटली तर आणखी दहा मिनिटं उघडी उकळून आटवा.

वाटणासाठी एक चमचा खसखस तासभर गरम पाण्यात भिजवायची, एक चमचा पांढरे तीळ, आठ काजू आणि दोन चमचे मगज. काजू यापेक्षा जास्त नकोत, गोडवा तिथूनच शिरतो. खसखस मिक्सरमध्ये दाद देत नाही, ती अख्खीच फिरत राहते. म्हणून आधी खसखस आणि तीळ कोरडेच फिरवून मग बाकीचं पाण्यासह वाटायचं असं काहीजण करतात. आमच्याकडं अजून पाटा आहे, तिथं हा प्रश्न येत नाही. वाटण बोटांत चोळलं तर रवाळ लागता कामा नये.

एका नारळाच्या अर्ध्या वाटीचं खोबरं खवून कोमट पाण्यात वाटावं आणि पिळून घट्ट दूध एक वाटी काढावं. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दीड वाटी पातळ दूध काढावं. दोन्ही वेगवेगळी ठेवायची.

पातेल्यात एक चमचा तूप आणि एक चमचा तेल. मटणाच्या चरबीची जागा इथं तूप घेतं. तेही थंड होताना टाळूवर थोडं थांबतं. नुसत्या तेलात तो लेप येत नाही. तूप तापलं की तमालपत्र, दोन इंच दालचिनी, चार लवंगा, चार हिरवे वेलदोडे, दोन अख्ख्या सुक्या मिरच्या आणि दगडफुलाची एक लहान पाकळी. दगडफूल म्हणजे दगडावर, झाडाच्या सालीवर वाढणारी ती करडी पापडी, गोड्या मसाल्यात पडते ती. कोरडी हुंगली तर तिला वास जवळपास नसतो. गरम तुपात पडली की मातीचा, धुराचा वास सोडते. मटणाच्या वासाची उणीव नकळत भरून निघते ती हिच्यामुळं. एकच पाकळी घालावी, जास्त झाली तर रस्सा कडवट होतो.

मसाल्याचा वास सुटला की वाटण घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतावं. हलवत राहावं, रंग बदलू द्यायचा नाही. कडेनं तूप दिसायला लागलं की अळणी ओतावी आणि आठ-दहा मिनिटं उकळावी. मग पातळ दूध घालून एक हलकी उकळी. शेवटी आच अगदी कमी करून घट्ट दूध घालायचं आणि पळीनं एकाच दिशेनं ढवळत राहायचं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, आणि त्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारी थोडी प्रथिनं. खळखळून उकळलं की ही प्रथिनं आखडतात, थेंब एकत्र येतात आणि रस्सा फुटतो. वाफा निघत राहतील एवढंच तापवून उतरवायचं.

गाळलेले वाटाणे टाकू नयेत. पाण्यात चव देऊनही त्यांत पुष्कळ शिल्लक असतं. दुसऱ्या दिवशी त्यांची उसळ होते. पुरचुंडीतली डाळ आई थालीपिठाच्या पिठात मळते.

ज्यांना काही चालत नाही त्यांच्यासाठी

चातुर्मासात आबा कांदा-लसूणही खात नाहीत. तेव्हा कांद्याच्या जागी कोबी दुप्पट, सोबत एक लहान बटाटा, आणि फोडणीत हिंग. चव एक पायरी उतरते हे खरं, पण रस्सा पडत नाही, कारण वाटाणा, टोमॅटो आणि अळंबी जागेवर असतात.

काही माळकरी अळंबीही खात नाहीत. मग ग्वानिलेटची बाजू बरीच मोकळी राहते. अशा वेळी टोमॅटोचं पाणी अर्धी वाटी घ्यावं आणि अळणी जरा जास्त आटवावी. आंबटपणा वाढतो म्हणून घट्ट दूध अगदी शेवटी, आच बंद करून घालावं.

अजिनोमोटोविषयी मला नेहमी विचारतात. ते म्हणजे इकेदांनी शोधलेल्या ग्लुटामेटचंच मीठ. १९०९ पासून ते याच नावानं विकलं जातं. आज ते उसाची मळी, साबुदाण्याचा कंद किंवा मका अशा पदार्थांतली साखर आंबवून बनवतात, म्हणजे शाकाहारीच. शरीराला टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि त्यातलं ग्लुटामेट वेगळं ओळखता येत नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्याला मिठासारख्या, सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेल्या पदार्थांत धरतं. मी ते घरी वापरत नाही, कारण वाटाणा आणि टोमॅटो असताना गरज पडत नाही. कुणी चिमूटभर घातलं तर त्यात गैर काही नाही. मात्र त्यानं फक्त हलगी वाजते. घुमकं आणि चिकटपणा यांची सोय वेगळी करावीच लागते.

बाजारातल्या स्टॉकच्या वड्या घेणाऱ्यांनी हिरवं चिन्ह पाहून घ्यावं. परदेशात तर पाकिटावरची यादीच वाचावी. ‘भाजीचं सूप’ लिहिलेल्या हॉटेलातल्या वाटीतही कोंबडीचं पाणी असू शकतं, तेव्हा विचारायला संकोच करू नये. माळ घातलेल्या माणसाच्या दृष्टीनं हा बारकावा मोठा आहे.

आणि दुबईत किंवा सिंगापूरला राहणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना: गावाहून जाताना सामानात खसखस नेऊ नका. खसखस अफूच्याच बोंडातलं बी, म्हणून तिथं तिच्यावर बंदी आहे आणि विमानतळावर ते फार महागात पडू शकतं. खसखशीच्या जागी तीळ आणि मगज एकेक चमचा वाढवा. पोत थोडा बदलतो, चवीला ओळखू येत नाही. ताजा नारळ नसेल तर डब्यातलं दूध चालतं. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत दूध फुटू नये म्हणून काहीतरी मिसळलेलं असतं, त्यामुळं ते उकळीला जास्त टिकतं. ताज्याइतका वास मात्र त्याला नसतो.

मागच्या पौषात, कडाक्याच्या थंडीत, हा रस्सा पहिल्यांदा या पूर्ण रीतीनं केला. आबा चुलीपुढंच बसले होते. पितळी वाटी मी आधी गरम पाण्यानं विसळून घेतली, कारण गार वाटीत रस्सा लगेच निवतो आणि निवलेला पांढरा रस्सा पिणाऱ्याला दुधासारखा लागतो. त्यांनी पहिला घोट घेतला आणि ओठ एकमेकांवर दाबून सोडले. पुन्हा दाबले. मी काही विचारलं नाही.

“मटणाचा न्हाई,” ते म्हणाले.

मग वाटी संपवली, पुढं केली आणि आईला म्हणाले, “अजून अर्धी वाड. आणि त्या पोराला सांग, मिरं दोन कमी घाल म्हणावं.”

आता आठ मिरे घालतो. फोडणीत मिऱ्याची भर टाकत नाही. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी गरम करायचा असेल तर थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून तापवतो. फुटत नाही, आणि रात्रभर मुरल्यामुळं सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा चांगला लागतो.